वरच्या पाण्याचा मान

नदीत सोनं शोधणं हा निवृत्त, शांत माणसांचा छंद आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा माझा उजवा हात बघावा. मधलं बोट शेवटच्या पेरापासून डावीकडे वळलेलं आहे. अंगठ्याच्या नखाखालचा निळा डाग हातोड्याचा आहे. सोनं वाळूत असतं हे खरं, पण ते वाळूवर पसरून आपली वाट बघत नसतं. ते जड, म्हणून खाली खाली जातं, आणि तळाच्या खडकाला जिथे भेग असेल तिथे शिरून बसतं. मग त्या भेगेत पहार घालायची, वरून घणाचे घाव घालायचे, खडकाचा जबडा उचकटायचा आणि आतली काळी रेती चमच्यानं खरवडून काढायची. खडक फुटतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज होतो आणि कपच्या उडतात. अशी एक कपची माझ्या भुवईत घुसली होती. रक्त डोळ्यात उतरलं तरी मी खरवडणं थांबवलं नव्हतं, इतकी मी तेव्हा मूर्ख होते.

मी आता सत्तरी ओलांडलीय. टोकियोजवळच्या उरायासुच्या या फ्लॅटमध्ये बसून ज्या बाईबद्दल लिहितेय ती पन्नाशीची होती, म्हणजे माझ्या दृष्टीनं पोरच. पोर मोठी दिमाखदार. कोनबिनीत अरुबाइतो करायची, म्हणजे काउंटरवर उभं राहून लोकांना जेवणाचे डबे गरम करून द्यायची, आणि तेवढ्यावर तिला वाटायचं की आपल्याला जपानी येतं, जपानी माणसं कळतात आणि या देशात आपल्याला कुणी गंडवू शकत नाही. केसांना रोज खोबरेल, कपाळाला टिकली, आणि नाक असं वर की पाऊस आला तर बुडून मरेल.

लेकीनं ऑफिसातल्या एका यामानाशीच्या मुलाशी लग्न ठरवलं. आम्ही नवराबायको मिठाईचा डबा घेऊन त्याच्या आईला भेटायला डोंगरात गेलो. मुलाचे वडील नव्हते, आई एकटीच राहायची. मुलींच्या शाळेत ज्युदो शिकवून निवृत्त झालेली, उंचीनं माझ्या खांद्याला लागेल एवढी, मान मात्र उखळासारखी. चहा झाल्यावर मी तिला मंगळसूत्र समजावून सांगितलं. दोन वाट्या असतात, एक सासरची, एक माहेरची. दोन्ही घरं मुलीच्या छातीवर शेजारी शेजारी राहतात. लेक भाषांतर करत होती आणि लाजेनं लाल होत होती.

विहीणबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग आत जाऊन लोणच्याची एक जुनी बाटली आणली. आतल्या पाण्याच्या तळाशी पिवळा गाळ होता. बाटली हलवली तर तो गाळ चमकत गोल फिरला. घरामागच्या नदीतलं सोनं. त्या खोऱ्यात हा छंदच आहे. सुटीच्या दिवशी टोकियोहून पाठीला लाकडी पाट्या बांधून माणसं येतात, दिवसभर वाकून रेती चाळतात आणि संध्याकाळी तांदळाच्या कणीएवढा ऐवज घेऊन खुशीत घरी जातात. विहीणबाई तर वर्षानुवर्षं ते करत आलेल्या. त्या म्हणाल्या, सासरची वाटी मी या सोन्याची घडवीन.

आता माझ्या पर्समध्ये पुण्याहून आणलेली तयार वाटी होती. शहाणी बाई ती काढून टेबलावर ठेवती आणि विषय संपवती. पण ही दिमाखदार पोर ताठ बसली आणि म्हणाली की माहेरची वाटीही याच नदीतून निघेल, आणि माझ्या हातानं निघेल. टेबलाखालून ह्यांनी माझ्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता. विहीणबाईंनी मान लववली आणि अगदी गोड आवाजात सांगितलं की काळजी करू नका, लग्नापर्यंत तुमचं पुरेसं जमलं नाही तर दोन्ही वाट्या मी करीन.

ते वाक्य कानशिलात मारल्यासारखंच बसलं मला. दोन्ही वाट्या सासरच्या? म्हणजे या मुलीला माहेर नाही असं गळ्यात बांधून तिला जगभर फिरवायचं? लग्न दिवाळीनंतर होतं. गाडीत बसल्यावर हे म्हणाले, "बोललीस ना, आता फोड दगड."

फोडले. मार्च लागला तसे माझे शनिवार नदीवर जायला लागले. पहाटे उठून पोळ्या लाटायच्या, डबा भरायचा, केस चापूनचोपून बसवायचे, थंड पाण्यानं हात फुटतात म्हणून कोपरापर्यंत तेल चोळायचं, आणि शिंजुकूहून डोंगराची गाडी धरायची. स्टेशनवर विहीणबाई त्यांचा छोटा पांढरा ट्रक घेऊन उभ्या असायच्या. नदीचं नाव मी सांगणार नाही. ते न सांगणं हा या छंदाचा पहिला नियम आहे. बाकीचे नियम विहीणबाईंनी वाटेत शिकवले. यंत्र आणायचं नाही. काठ खणायचा नाही. उकरलेला खड्डा जाताना बुजवायचा. आणि ज्याची पहार भेगेत उभी, त्याची ती भेग. तो चहा प्यायला गेला असला तरी त्या भेगेला हात लावायचा नाही, आत जे निघेल ते पहारवाल्याचं.

पाणी मांडीपर्यंत आणि इतकं गार की पहिल्या दिवशी माझ्या पिंडऱ्यांत गोळे आले आणि मी पाण्यातच आडवी झाले. गोट्यांवर गुडघे फुटले. विहीणबाईंनी मला मानेला धरून मांजरीच्या पिल्लासारखं उभं केलं. मग त्यांनी दोन्ही हातांनी वरच्या अंगाची जागा दाखवली. नदीत वरची जागा म्हणजे स्वच्छ पाणी. खाली बसणाऱ्याला वरच्याचं गढूळ धुवण मिळतं, म्हणून वरची जागा नेहमी मोठ्या माणसाला देतात. त्यांनी वाकून ती मला दिली आणि आपण खाली, माझ्या गढूळ पाण्यात, जाऊन बसल्या.

ती पोर केवढी फुगली म्हणून सांगू! आपल्याकडे मुलीच्या आईला मान कसला? मानपान सगळा वरपक्षाचा. विहिणीचे पाय धुवा, विहिणीचा रुसवा काढा. आणि इथे साक्षात वरमाय मला वर बसवतेय आणि स्वतः माझं खरकटं पाणी घेतेय. मी घरी येऊन ह्यांना दोनदा सांगितलं. फोनवर पुण्याच्या बहिणीला सांगितलं. दर शनिवारी विहीणबाई तसंच वाकायच्या आणि दर शनिवारी मी तशीच ऐटीत वर जाऊन बसायचे.

हाताला कसब होतं, ते खोटं नाही. लाकडी पाटी म्हणजे पाण्यात चालवायचं सूपच. पाखडणं मला लहानपणापासून येत होतं. पुढे झटका, मागे ओढ, बोटांनी हलका ठोका. हलकी रेती वाहून जाते, काळी उरते, काळीच्या टोकाला सोनं. आमच्याकडे सोनाराच्या दुकानातली धूळ धुऊन कण काढणारे झारेकरी असतात. विहीणबाई एकदा माझ्याकडे बघून म्हणाल्या की तुमच्या घराण्यात कुणीतरी झारेकरी असणार. अर्थात हा शब्द त्यांचा नाही, मी त्यांच्या बोलण्याचा अर्थ असा लावला. पण इतकं करून पाटीत उरायचं काय? चार कण. कधी दोन. आणि खाली विहीणबाईंची बाटली भरत चाललेली.

त्या बाईंचा धाक होता मला, तेही सांगते. जूनमध्ये मी ज्या दगडावर डबा उघडला त्याच्याखालून मामुशी निघाली. तिकडची विषारी, आखूड, जाडसर नागीण. मी उठायच्या आत विहीणबाईंनी पहारीचं टोक तिच्या पाठीवर रोवलं, बुटानं मान दाबली आणि कोयत्यानं मुंडकं उडवलं. मुंडकं दगडावर एकटं पडून तोंड उघडत-मिटत होतं, हवेला चावत होतं. धड त्यांच्या मनगटाला विळखे घालत होतं. त्यांनी मोजा उलटा करावा तशी कातडी एका ओढीत सोलून काढली, मांस दारूत घालायला पिशवीत ठेवलं, आणि त्याच हातांनी मला चहा ओतून दिला. आमच्या घरी नागपंचमीला भाजीसुद्धा चिरत नाहीत. मी तो चहा प्याले, कारण नाही म्हणायची छाती नव्हती.

जूनचा पावसाळा गेला, ऑगस्टच्या उन्हाळ्याची काहिली गेली. माझ्या कुपीत तळ जेमतेम झाकेल एवढं सोनं. राग असा साठला होता की घरी मी भांडी आपटायची, दारं आपटायची. एकदा न्हाणीघराच्या टबात रेती ओतून सराव करत होते. तिथेही जमेना म्हणून पाटी भिंतीवर अशी हाणली की फरशीचा तुकडा पडला. हे दाराशी आले, तुकडा उचलला, आणि घरमालकाला हे भूकंपानं झालं असं सांगू या का, एवढंच विचारून गेले. लेकीला मी या हालांतलं काहीच कळू दिलं नव्हतं. तिला वाटत होतं आई आणि सासू सोन्याच्या निमित्तानं सहलीला जातात.

सप्टेंबरच्या शेवटी सोनारानं कळवलं की आता सोनं आणून द्या, नाहीतर वाट्या वेळेवर होणार नाहीत. शेवटचा शनिवार उरला. त्या दिवशी ऊन होतं, पण वरच्या डोंगरांवर ढग बसले होते. विहीणबाईंनी एक नवी भेग हेरून तिच्यात पहार ठोकून ठेवली होती. मला नेहमीसारखं वाकून वर पाठवलं. मी दोन तास वेड्यासारखी रेती उपसली. पाटीत काही नाही. मग शेवटी पाठ मोडली म्हणून मी उठले आणि काठाकाठानं खाली चालत गेले. तोवर मी कधी त्यांच्या जागेकडे गेलेच नव्हते. वर बसणाऱ्यानं खाली कशाला जायचं?

विहीणबाई पाठमोऱ्या होत्या. त्यांच्या पुढ्यात, दोन दगडांमध्ये, जुन्या गालिच्याची एक पट्टी ताणून बांधलेली होती. खोल नव्हे, पाण्याच्या अगदी पृष्ठभागाला टेकलेली. माझ्या जागेवरून येणारा प्रवाह सगळा त्या पट्टीवरून जात होता. आणि पाण्यावर एक पातळ तवंग होता, मोरपिशी. त्या तवंगावर सोन्याचे कण तरंगत येत होते. फोडणीत मोहरी तरंगावी तसे. येत होते आणि गालिच्याच्या लवेत अडकत होते. सगळी पट्टी पिवळी लखलखत होती.

मी माझ्या हातांकडे पाहिलं. मग केसांना हात लावला आणि बोटं पाण्यात बुडवली. बोटांभोवती तेच मोर उमटले.

"तेल," विहीणबाई वळून म्हणाल्या. अगदी शांतपणे, वर्गात सांगावं तसं. "बारीक सोन्याला तेल लागलं की ते बुडत नाही. तुमच्या हाताला आहे, केसांना आहे. पहिल्याच दिवशी दिसलं मला."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

मार्चपासून. मार्चपासून मी खडक फोडत होते, बोटं ठेचून घेत होते, आणि माझ्या मुलीच्या माहेरची वाटी कण कण करून खाली पाठवत होते, सासरच्या बाटलीत. आणि वर त्या जागेचा मान मिरवत होते. बहिणीला फोन करून सांगत होते.

संताप आला की माणूस मातृभाषेत येतो म्हणतात. मला भाषाच सुचेना. तोंडून निघालं ते काउंटरवर दिवसातून शंभरदा म्हणायचं वाक्य: "आपल्याला ताटकळत ठेवलं, क्षमा असावी." आणि ते म्हणत म्हणत मी विहिणीच्या थोबाडीत दिली.

ज्युदो शिकवणाऱ्या बाईला मारू नये. हे शहाणपण मला हवेत असताना सुचलं. तिनं माझा दंड धरला, कमरेवर घेतलं, आणि आभाळ पायाखाली गेलं. मी पाठीवर पाण्यात पडले, डोकं गोट्यावर आपटलं, कानात घंटा वाजली. वर आले ती पाटी हातात घेऊनच. पाटी तिच्या डोक्यात घातली. लाकूड चिरलं. तिच्या कपाळातून रक्ताची धार नाकावरून ओघळली आणि तिनं ती जिभेनं चाटली, नुसती चव बघितल्यासारखी. मग आली. मला मानेच्या मागे धरून तिनं माझं तोंड पाण्याखाली दाबलं. नाकात पाणी, डोळ्यांत रेती. मी हात मारत होते, हाती काही येत नव्हतं. शेवटी तिचा दंड तोंडाशी आला आणि मी चावले. सगळे दात रुतवून चावले. बाहीतून, कातडीतून, खारट चव येईपर्यंत. तिनं ओरडून हात सोडवला आणि त्याच हाताच्या कोपराचा तडाखा माझ्या जबड्यावर दिला.

काहीतरी कडकन निघालं. तोंडातून रक्ताबरोबर एक पिवळा खडा उडाला, उन्हात एकदा चमकला आणि पाण्यात गेला.

माझ्या दाढेची टोपी. लग्नाआधी पुण्यात दाढ किडली तेव्हा बसवलेली. डॉक्टरच्या सोन्यावर माझ्या आईचा विश्वास नव्हता, म्हणून तिनं आपल्या पाटलीची झिजलेली कड सोनाराकडून कापून घेतली होती आणि समोर बसून वितळवून घेतली होती. सगळी आळी मला सोन्याच्या दाताची म्हणून चिडवायची. इतकी वर्षं तोंडात घेऊन फिरले आणि ते सोनं आहे हे विसरून गेले होते. चार कणांसाठी डोंगर फोडत होते आणि जबड्यात एक आख्खी वाटी होती, माहेरची, आईच्या हातची.

मारामारी तिथेच थांबली, म्हणजे मी थांबले. विहीणबाई थांबल्या त्या वेगळ्या कारणानं. त्या नदीकडे बघत होत्या. पाण्याचा रंग चहासारखा झाला होता. पानं, काटक्या, पाइनचे हिरवे तुरे वाहत यायला लागले होते. वर डोंगरात पाऊस फुटला होता. त्यांनी काठाकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "आत्ता. लगेच."

मी म्हटलं, माझा दात.

त्यांनी मला पुन्हा एक थोबाडीत दिली. ही रागाची नव्हती, शुद्धीवर आणण्याची होती, पण लागायची तेवढीच लागली. मी त्यांचा हात झिडकारून तळाशी वाकले. जड वस्तू कुठे जाते हे त्यांनीच शिकवलं होतं. टोपी त्यांच्याच नव्या भेगेत गेली होती. पहार जिथे उभी होती तिथे, दोन बोटं आत, मला तिची कड लागत होती आणि हात पुढे जात नव्हता. पाणी मांडीवरून कमरेला आलं. दगड तळाशी घरंगळायला लागले, त्यांचा आवाज पायांतून वर येत होता, दात खाल्ल्यासारखा. मला कळलं की आता विहीणबाई जाणार, आणि त्यांनी जावंच. मी मात्र उठणार नव्हते. त्या वयातली ती बाई त्या भेगेत हात घालून बुडून मेली असती आणि तिच्या लेकीला गळ्यात दोन्ही वाट्या सासरच्या घालाव्या लागल्या असत्या. एवढा साधा हिशोब तिच्या डोक्यात येत नव्हता.

विहीणबाई गेल्या नाहीत. त्यांनी माझ्या रबरी पोशाखाचे खांद्यावरचे पट्टे डाव्या हाताला गुंडाळले आणि उजव्या हातानं पहारीवर आपलं सगळं वजन टाकलं. भेग करकरली, बोटभर उघडली. मी हात कोपरापर्यंत घातला, चिमटीत टोपी धरली. तेवढ्यात प्रवाहातून आलेला ओंडका पहारीवर आदळला आणि पहार निसटली. खडक मिटला. माझं मधलं बोट आत राहिलं.

तो आवाज मी तुम्हाला सांगणार नाही. विहीणबाईंनी मागे ओढलं, मी पुढे अडकलेली, आणि मग बोट सुटलं, जे काही उरलं होतं ते. लोंढा छातीवर आला आणि आम्हा दोघींना घेऊन गेला. मी गोल फिरले, पोटात दगड बसला, एकदा आभाळ दिसलं, एकदा काळोख. पट्टे मात्र त्यांच्या हाताला तसेच गुंडाळलेले होते. एका वळणावर त्यांनी बाभळीसारख्या कसल्याशा झाडाचं मूळ धरलं. माझं सगळं वजन त्यांच्या डाव्या खांद्यावर आलं आणि खांदा निखळला. तरी सोडलं नाही. गुरासारख्या हंबरत त्या मूळ धरून राहिल्या, आणि मी त्यांच्या अंगावरून, पाठीवरून, डोक्यावर पाय देऊन काठावर चढले. मग त्यांना कॉलर धरून वर खेचलं.

नदीत आमची जागा उरली नव्हती. गालिचा गेला, पाट्या गेल्या, पहार गेली. माझं तरंगतं सोनं कुणाच्याच बाटलीत न जाता समुद्राकडे निघालं होतं.

विहीणबाई गवतात उताण्या पडल्या. डावा हात भलत्याच ठिकाणाहून लोंबत होता. त्यांनी मला शिकवलं. बूट काढायचा, टाच त्यांच्या काखेत रोवायची, मनगट दोन्ही हातांनी धरायचं. "ओढा," त्या म्हणाल्या. मी ओढलं. त्या किंचाळल्या आणि मला शिव्या दिल्या, की असं मुलं रस्सीखेच खेळतात. मी पुन्हा ओढलं, मारायच्या इच्छेनं ओढलं खरं तर, आणि खांदा टक्कन जागेवर बसला. त्या बाजूला वळून ओकल्या.

मी काही बोलत नव्हते. त्यांना वाटलं मी दातासाठी रडतेय. ट्रकपाशी आलो तेव्हा मी ओंजळीत थुंकले. रक्ताच्या गुठळीत टोपी होती. पाण्यात फेकली जाताना दुसरी जागा सुचली नाही, जिथून पडली त्याच तोंडात घातली होती.

त्यांनी टोपीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "भेग माझी होती."

खरंच होती. त्यांची पहार तिच्यात उभी होती. नियमानं आत निघेल ते त्यांचं. आणि ही बाई नियमाची इतकी पक्की की मार्चपासून माझं सोनं नियमानंच घेत आली होती.

डावा हात कामाचा नव्हता, म्हणून त्यांनी उजव्या हातानं सुकाणू धरलं आणि गिअर मी टाकायचे ठरलं. मला गाडी येत नाही. माझ्या उजव्या हाताचं बोट चिरगुटात बांधलेलं, म्हणून मी अंग पिळून डाव्या हातानं तो दांडा ढकलायचे. त्या क्लच दाबून "दोन" म्हणायच्या, मी दोन टाकायचे. घाटात गाडी आचके देत होती, दोघींच्या जखमा प्रत्येक आचक्याला ठणकत होत्या. मी तिरीमिरीत सांगितलं की घ्या मग, नियम तुमचा, दोन्ही वाट्या तुमच्याच होऊ देत, माझ्या पोरीला माहेर नाही असं समजा. त्या "तीन" म्हणाल्या. मी तीन टाकला. दवाखान्याचा दिवा दिसायला लागला.

मग त्या म्हणाल्या, "शाळेत माझ्या हातून एखाद्या मुलीचा दात पडला, तर मी तो रुमालात बांधून तिच्या आईला नेऊन द्यायचे. पाडलेला दात ठेवून घेत नाहीत." क्लच दाबून म्हणाल्या, "दोन."

दवाखान्यातल्या डॉक्टरांना आम्ही दोघी नदीत पडलो असं सांगितलं. त्यांनी विहीणबाईंच्या दंडावरचे दात मोजल्यासारखे बघितले आणि काही विचारलं नाही.

टोकियोतल्या सोनारपेठेत, ओकाचिमाचीत, एक जयपूरचा सोनार आहे, त्याच्याकडे मी, हे आणि विहीणबाई असे तिघं गेलो. मी हळूच विचारलं की दातातलं सोनं मंगळसूत्रात चालतं का, उष्टं नाही का होत. तो म्हणाला, सोन्याला विटाळ नाही मावशी, जन्मल्यावर तेच चाटवतात आणि मरताना तेच तोंडात ठेवतात. त्यानं विहीणबाईंच्या घरी राहिलेल्या बाटलीतलं सोनं आणि माझी टोपी वेगवेगळी वितळवली. नदीच्या सोन्यात चांदी असते, म्हणून विहीणबाईंची वाटी फिकट, लिंबाच्या सालीसारखी झाली. माझी लालसर झाली. शेजारी ठेवल्या की आंधळ्यालाही वेगळ्या कळाव्यात.

लेकीला आता सांगणं भाग होतं. माझा गाल काळानिळा, बोटाला प्लास्टर, तिच्या सासूचा हात झोळीत. सगळं ऐकून तिनं डबी उघडली, लालसर वाटी दोन बोटांत धरली, आणि म्हणाली, "किमोई." म्हणजे शी, किळसवाणं. मराठीत बोल, म्हटलं. तर मराठीत म्हणाली की तुम्ही दोघी माझ्या लग्नाला आला नाहीत तरी चालेल. मग आरशापुढे गेली आणि काळ्या मण्यांची सर गळ्याशी धरून बघायला लागली. मी म्हटलं, मुहूर्ताआधी गळ्याला लावू नये. ती म्हणाली, नुसती बघतेय. बराच वेळ बघत होती. एका वाटीला बोट लावलं, मग दुसरीला, मग पुन्हा पहिलीला.

"आई, ही जड आहे," ती म्हणाली. लालसर होती ती.

मी स्वयंपाकघरात जाऊन विहीणबाईंना फोन लावला. तुटक्या जपानीत, सुजलेल्या तोंडानं सांगितलं की मुलीनं दोन्ही हातात घेऊन पाहिल्या आणि माहेरची जड निघाली.

मग त्या म्हणाल्या, "तांबं आहे त्यात."

"असू दे," मी म्हटलं. "वजनाचं बोला."